यादी दोन, नोंद सतरा

साखर पेठेतली रात्रशाळा. दहावी.
पट बावीस, हजर नऊ.
फळ्यावर तीन रकाने आखतो:
केंद्र. राज्य. दोघांचं मिळून.
खडू सादळलाय, मधलं नाव फिकं उमटतं.

चादरीपासून सुरुवात करायची, असं ठरवून आलो होतो,
उभा धागा, आडवा धागा, जकार्डचे भोकाभोकांचे पत्ते...
मागच्या बाकावरून व्यंकटेश गड्डम,
साच्यावरून थेट आलेला, कानात अजून कापूस:
"सर, चादर नको हो. बारा तास तेच बघालोय."

बरं. मग आजोबा काढले.
सायन्ना नाव. निजामाच्या मुलखातून आले,
डोक्यावर फणी, कमरेला धोटा.
नळदुर्ग ओलांडल्यावर नाका.
करोडगिरीवाल्यानं धोटा हुंगून पाहिला
आणि दोन आणे घेतले, हुंगायचे.
अलीकडं इंग्रज. पलीकडं निजाम.
अक्कलकोटला राजा निराळा, शिक्का निराळा.
तीस साली इथं मार्शल लॉ,
टोपी घातली म्हणून माणसं आत.
कायदा तेव्हाही होता पोरांनो,
आम्हाला विचारून नव्हता, एवढंच.

मग दिल्लीत माणसं बसली. जवळजवळ तीन वर्षं.
एकेका स्वल्पविरामावर भांडली.
इतके राजे, इतके नाके, इतक्या बोल्या,
यांचा एक देश करायचा,
पण सगळ्या किल्ल्या एकाच खुंटीला नाही टांगायच्या.
म्हणून वाटणी. म्हणून हे रकाने.
आणि वाटणीचा कागद असा
की दिल्लीला एकटीला खोडता येत नाही,
निम्म्या राज्यांनी हो म्हणावं लागतं.

रेल्वे, टपाल, लष्कर इकडं.
पोलीस, दवाखाने, जमीन तिकडं.
मजुरी? ती दोघांची.
"म्हणूनच कुणी वाढवत नाही,"
बालामणी गुंडला म्हणते,
हजार विड्या वळून आलेली,
वहीच्या पानांनाही तंबाखूचा वास.
सगळे हसतात. मीही.
दोघांत जुळलं नाही तर बहुधा दिल्लीचं चालतं, मी सांगतो.
"आणि कुठल्याच यादीत नसलेलं? उरलेलं?"
ते केंद्राचं.
"आमच्यात उरलेलं बाईचं,"
ती म्हणते, "पातेल्याच्या तळाचं."
फळ्याकडं तोंड करून
मी थोडा वेळ काहीच लिहिलं नाही.

मग तिनंच विचारलं:
सर, नळ कुणाचा?
चार दिवसांनी येतो तो.

नळ महापालिकेचा.
पाणी राज्याचं. यादी दोन, नोंद सतरा.
पण नदीनं हद्द ओलांडली
की यादी एक, नोंद छप्पन्न. दिल्ली.
आपली भीमा इथून कर्नाटकात शिरते,
पुढं कृष्णेला मिळते,
मग तेलंगणाच्या काठानं जाते.
"मक्तलच्या बाजूला? तिथं माझं आजोळ."
ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली.
"म्हणजे मी इथं भांडी घासलेलं पाणी
मामी तिथं भरते."
थोडंफार, मी म्हणालो. असल्या भांडणांवर लवाद बसतो.
"मग लवादाला सांगा,
आम्ही राख कमी वापरतो."

एवढ्यात गल्लीत पाइप खाकरला.
रजाकनं व्हॉल्व्ह फिरवला असणार.
कुणीतरी तेलुगूत ओरडलं, कुणी कानडीत,
नळ आला हे मात्र सगळ्यांना एकदम कळलं.
बाकं सरकली, चपला अदलाबदल झाल्या,
घागरींचा आवाज जिना उतरून गेला.

व्यंकटेश तेवढा राहिला.
डोकं बाकावर, झोपलेला,
एक पाय साच्याच्या ठेक्यात हलतोय.

मी मधल्या रकान्यात पाणी लिहिलं.
त्याखाली, बारीक अक्षरात, बालामणीची मामी.
तिला कुठं बसवायचं ते ठरेना,
म्हणून रेघेवरच लिहिली.